घडी मोडलेल्या साड्या

माझ्या नोकरीची सुरुवात उशिरा झाली आणि लिहिण्याची त्याहूनही उशिरा. त्यामुळे कोणतीही हकिकत कुठून सुरू करावी, हे मला अजून नीट उमगत नाही. ही हकिकत साड्यांची आहे. तेव्हा साड्यांपासूनच सुरू करणे बरे.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षे होती. माझे यजमान वसईजवळच्या सातिवलीतल्या एका लहानशा कारखान्यात पर्यवेक्षक होते. औषधांच्या बाटल्यांची झाकणे तिथे तयार होत. एका दिवाळीच्या सुट्टीनंतर तो कारखाना उघडलाच नाही. मालक येतील, काही बोलतील, या आशेने काही आठवडे हे डबा घेऊन फाटकापर्यंत जाऊन येत. मग डबा न्यायचे थांबले. पुढे जायचेही थांबले. मी लग्नाआधी एम. ए., बी. एड. करून ठेवले होते. वसईतल्याच एका शाळेत मराठीच्या शिक्षिका दीर्घ रजेवर गेल्या आणि त्यांच्या जागेवर मला घेतले. जागा तात्पुरती होती. ‘काम पाहू, मग पुढचे ठरवू,’ असे मुख्याध्यापिकांनी सांगितले. काम कसे पाहतात हे मला ठाऊक नव्हते; पण बाई कशी दिसते हे मात्र सगळे पाहतात, एवढे पहिल्या महिन्यातच कळले.

माझ्याजवळ घरात नेसायच्या साड्या होत्या आणि ट्रंकेत लग्नातल्या दोन भरजरी होत्या. या दोन टोकांच्या मध्ये, वर्गात उभे राहण्याजोग्या अशा दोनच. एक केशरी आणि एक जांभळी. त्यांची पाळी मी शिस्तीने लावली होती. एकदा फळ्याकडे तोंड करून समासाची उदाहरणे लिहीत असताना मागच्या बाकावरून कुजबुज ऐकू आली.

“आज काय गं?”

“गाजर.”

“नाय गं, गाजर काल झालं. आज वांगं.”

मी फळ्यावर आणखी दोन उदाहरणे लिहिली. त्यांची तशी गरज नव्हती.

शाळेच्या वाटेवर एका इमारतीच्या तळमजल्याला फॉल-पिकोचे दुकान होते. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. बाई अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातली, लग्न होऊन वसईत आलेली. मशीनवर बसल्या बसल्या रस्त्यावरच्या निम्म्या लोकांशी बोलणारी. जांभळ्या साडीचा फॉल विरला होता, तो बदलून घ्यायला मी तिच्याकडे गेले. तिने साडी उजेडात धरली, काठ चिमटीत चोळून पाहिला आणि म्हणाली,

“टीचर, हिला नवा फॉल म्हंजे म्हाताऱ्याला नवी कवळी. दात येतील, पन चावनार काय?”

मला हसू आले आणि लाजही वाटली. तिने ते दोन्ही पाहिले असावे. उठून तिने आतले लोखंडी कपाट उघडले. त्यात साड्या होत्या. रोल-प्रेस केलेल्या, ताठ, घडीवर घडी. बंगाली सुती, एक-दोन नारायणपेठी, एक फिकट चंदेरी. काचा लावलेल्या मोठ्या दुकानात ज्यांच्याकडे मी बाहेरूनही नीट पाहिले नसते, अशा.

“जुन्या आहेत का?” मी विचारले.

“जुन्या नाय. घडी मोडलेल्या.”

“कुणाच्या?”

“ते इचारायचं नाय, टीचर. मोठ्या घरच्या बाया. लग्नात नेसतात, फोटू निघतो, की साडी संपली. दुसऱ्या लग्नाला तीच नेसली तर नाक कापलं जातं त्यांचं. आपलं नाक घट्ट हाय ना?”

‘घडी मोडलेली’ हा तिचा शब्द ऐकून मी थांबले. आमच्या घरात या शब्दाला फार मान. नवी साडी आणली की ती आधी आपण नेसायची नाही. एखाद्या जिव्हाळ्याच्या वडीलधारीला, बहुधा नणंदेला, नेसायला द्यायची. तिने एक दिवस नेसून घडी मोडली की मग ती आपली. अशी साडी वापरलेली ठरत नाही. उलट लाभते असे मानतात. पिकोच्या बाईने तो शब्द उचलून परक्या बायकांनी टाकलेल्या साड्यांना लावला होता. विनोदाने की धंद्याच्या हुशारीने, कोण जाणे. मला त्याचा आधार झाला, एवढे खरे. ‘जुनी साडी द्या’ असे म्हणायला माझी जीभ रेटली नसती. ‘घडी मोडलेली दाखवा’ हे म्हणता येत होते.

साड्या येत त्या बोहारणींकडून. मुंबईच्या उंच इमारतींतून या बायका कपड्यांच्या बदल्यात भांडी देत फिरत आणि रविवारी नालासोपाऱ्याला आपली गाठोडी सोडत. पिकोची बाई त्यांतून निवडून आणी, धुई, खळ घाली, प्रेसला देई. कुठे रफू असेल तर आधीच बोट ठेवून दाखवी. ब्लाऊजपीस अर्थातच नसे. एरवी नव्या साडीहून वेगळे काही ओळखू येत नसे. फक्त खांद्याशी पिनेची बारीक भोके असत. पहिल्या दिवशी मी माझी पिन दुसरीकडे लावायचा प्रयत्न केला. मग वाटले, साडीला आणखी भोके कशाला? त्याच भोकांतून पिन घालून मी शाळेत गेले.

त्यानंतर दर काही महिन्यांनी मी एखादी घेत असे. पहाटे टँकरच्या पाण्यासाठी रांग, मग स्वयंपाक, शाळा, संध्याकाळी शिकवण्या, वह्यांचे गठ्ठे. अंग इतके आंबून जाई, की रविवारी डोळ्यांसमोर अक्षरे तरंगत. या सगळ्यात माझ्या मनाने ठरणारी अशी एकच गोष्ट होती. त्या कपाटासमोर उभे राहून, घाई न करता, ही की ती, हे ठरवणे. मला फिके रंग आवडतात हे मला तिथेच कळले. माहेरी आईने आणि सासरी सासूबाईंनी निवडलेलेच तोवर नेसले होते. कपाटातल्या साड्या कुणाच्या होत्या हे ठाऊक नसणे, हाही एक विसावा होता. कुणाचे आभार मानायला नकोत, कुणाला त्या नेसून दाखवायला नकोत.

घरी मी ‘सेलमध्ये घेतली’ असे सांगत असे. यजमान मान हलवीत. खरे सांगायचे नाही हे मी ठरवून टाकले होते. आमच्या सासरी, कऱ्हाडकडे, जुने कपडे बोहारणीला देऊन पातेली घेत. त्याच वाटेने साडी उलटी घरात येते, हे तिथे कुणाच्या ध्यानीमनीही आले नसते. कारखाना बंद झाल्यापासून हे माणसांत जायचे टाळू लागले होते. आपली बायको परक्या बायकांच्या अंगावरून उतरलेल्या साड्या नेसून कमवायला जाते, हे त्यांना कळले, आणि त्यातही त्यांच्या माणसांना कळले, तर ते आणखी आत आत जातील, ही भीती मला सतत असे.

अशात माझ्या थोरल्या नणंदबाई आल्या. विरारला त्यांच्या सासरकडच्या एका मुलीचे लग्न होते. त्या यांच्याहून बऱ्याच मोठ्या. यांना जवळजवळ त्यांनीच वाढवलेले. बोलणे मोकळे, आवाज खणखणीत. त्या घरात शिरल्या की घर भरल्यासारखे वाटे आणि मला जरा अंग चोरून बसावेसे वाटे. लग्नाच्या दिवशी सकाळी आपली पिशवी ठेवायला त्यांनी माझे कपाट उघडले.

“अगं बाई! ही कधी घेतलीस?”

त्यांच्या हातात माहेश्वरी होती. राखी रंगावर निळसर झाक, काठ बारीक. पिकोच्या बाईकडून आणून आठवडाच झाला होता. प्रेसची घडी जशीच्या तशी होती. शाळेत माझ्या कायम होण्याविषयी बोलणे व्हायचे होते, त्या दिवसासाठी मी ती राखून ठेवली होती.

“घडीसुद्धा मोडली नाहीस की अजून. बरं झालं. मी मोडते. आज हीच नेसते लग्नाला.”

“वन्सं, ती नको,” मी म्हटले.

“का गं?”

“तुमची पैठणी आणलीय ना तुम्ही. ती शोभेल.”

“पैठणी पाचशे वेळा नेसलेय. ही का नको ते सांग.” त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग हसल्या, पण ते हसणे वेगळे होते. “जीव अडकलाय होय साडीत? अगं, एक दिवस नेसून परत देणार आहे. कऱ्हाडला नाही नेत पळवून. वहिनीच्या साडीची घडी मोडायचा मान नणंदेचा असतो, हे तुझ्या माहेरी शिकवलं नसेल, पण आमच्याकडे आहे.”

माझ्या माहेरचा उद्धार मी ऐकून घेतला. सांगावे तर यांची मान खाली जाणार. न सांगावे, तर परक्या बाईची उतरलेली साडी मानाची म्हणून माझ्या हाताने मी यांच्या बहिणीच्या अंगावर घालणार. वन्सं सोवळ्याओवळ्याच्या नव्हत्या. पण कुणाची कोण, जिवंत की मेलेली, अशा बाईची साडी! मी दाराला टेकून उभी राहिले. त्यांनी तोवर निऱ्यांचा अंदाज घ्यायला साडीचे एक टोक सोडलेसुद्धा होते.

“आक्का, ती नेसू नकोस.” बाहेरच्या खोलीतून हे म्हणाले. वर्तमानपत्र हातात तसेच होते. “तिची घडी मोडलेली आहे.”

“कुणी मोडली?”

“ते आम्हालाही ठाऊक नाही.”

वन्संनी आधी यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी खाली पाहत होते. यांनी दोन वाक्यांत सगळे सांगून टाकले: पिकोची बाई, बोहारणी, मुंबईतल्या मोठ्या इमारती. आवाजात राग नव्हता, लाजही नव्हती. पाणी कधी येणार हे शेजाऱ्याला सांगावे तसे ते सांगत होते. त्यांना हे केव्हापासून माहीत होते, ते मी नंतर विचारले. पिकोच्या बाईनेच एकदा त्यांना रस्त्यात हाक मारून पुडके हातात दिले होते, ‘टीचरची घडी मोडलेली तयार हाय, घेऊन जा.’ त्यांनी विचारले तेव्हा साड्या कुठून येतात तेही तिने सांगितले, आणि त्यांनी पुडके आणून कपाटात ठेवले होते. मला वाटले होते, मीच ठेवले आणि विसरले.

वन्सं पलंगावर बसल्या. साडी मांडीवर तशीच.

“मेलेल्या बाईची असली म्हणजे?”

“असेलही,” हे म्हणाले.

“तू गप्प बस!” मग माझ्याकडे वळून, “आणि तू गं? एका शब्दानं मला कळवायचं होतंस. माझ्या कपाटात साड्या ठेवायला जागा नाही, आणि माझ्या भावाची बायको बोहारणीच्या गाठोड्यातलं नेसते? मी काय मेले होते?”

“तुम्हाला कशाला त्रास, असं वाटलं,” मी म्हटले.

“त्रास! त्या पिकोच्या बाईला नाही झाला तो त्रास मला होणार होता!”

त्यांचे डोळे भरले होते. मला रडू आले नाही. मला फक्त बसावेसे वाटत होते, आणि पलंगावर जागा नव्हती.

यांनी चहा ठेवला. कप हातात घेईपर्यंत वन्संचे काही ठरले असावे, कारण चहा न पिताच त्या उठल्या, साडी झटकली आणि नेसू लागल्या.

“वन्सं, कशाला?”

“पिन दे. आज मी नेसणार. संध्याकाळी सोडली की ती माझी झाली. मग मी तुला देणार. माझी उतरलेली नेसायला तुला लाज वाटते का?”

“नाही.”

“मग झालं तर.”

हा हिशेब मला तेव्हाही नीट समजला नव्हता, पण तो बरोबर आहे हे जाणवत होते. परक्या बाईची उतरलेली साडी आणि नणंदेची उतरलेली साडी, कापड तेच. मध्ये फक्त एक दिवस. त्या एका दिवसात वन्सं ती साडी आपल्या अंगावरून काढून घरची करणार होत्या.

लग्नात त्या सगळ्यांमध्ये उठून दिसल्या. एरवी भडक रंग नेसणाऱ्या बाईला राखी रंग इतका शोभेल असे मला वाटले नव्हते. विहिणीकडच्या एका बाईंनी काठाला हात लावून विचारले, “माहेश्वरी ना? कुठून घेतली?” मी हातातल्या अक्षतांकडे पाहू लागले.

“भावजयीनं घडी मोडायला दिली,” वन्सं मोठ्याने म्हणाल्या. “तिची निवड आहे. मास्तरीण आहे ना ती. तिला कळतं.”

त्या बाई माझ्याकडे आदराने पाहू लागल्या. मी हसल्यासारखे केले. पुढच्या पंगतीपर्यंत वन्संनी आणखी तिघींना तेच सांगितले. प्रत्येक वेळी त्यांचा आवाज थोडा अधिक खरा होत गेला. शेवटी शेवटी तर मलाही वाटू लागले, की ही साडी मी दुकानातून, नवी, त्यांच्यासाठीच आणली होती.

रात्री घरी आल्यावर त्यांनी साडी सोडली, नीट घडी घातली, वर हळदीकुंकवाची बोटे टेकवली आणि माझ्या ओटीत घातली.

“ही माझी. तुला दिली. आता त्या बाईकडे पाऊल टाकायचं नाही. शपथ घे.”

“वन्सं, शपथ कशाला…”

“याच्या गळ्याची घे.”

हे तिथेच पाणी पीत होते. त्यांनी पेला खाली ठेवला आणि गळा पुढे केला. ते हसत होते. कारखाना बंद झाल्यापासून त्यांना तसे हसताना मी पाहिले नव्हते. मी शपथ घेतली.

नोकरीतली बोलणी मी त्याच साडीत केली आणि पुढल्या वर्षी कायम झाले. साडीमुळे नव्हे, रजेवर गेलेल्या शिक्षिका परत आल्या नाहीत, म्हणून. पण त्याआधीच कऱ्हाडहून पहिले गाठोडे आले होते. कुणी ओळखीचे मुंबईला निघाले, की वन्सं त्यांच्या हाती साड्या देत. चार-पाच, कधी अधिक. कृत्रिम रेशमाच्या, अंगाला गार लागणाऱ्या, पोपटी, गुलाबी, मोठ्या फुलांच्या, चमचम करणाऱ्या. एकही फाटकी नाही. वन्संच्या हातून फाटका कपडा कुणाला जायचा नाही. आमच्या शाळेत इतक्या झगझगीत साड्या कुणी नेसत नसे. वर्गातल्या मुलींची कुजबुज आता भाजीपाल्यावरून मिठाईवर गेली होती.

पिकोच्या दुकानासमोरून जाताना बाई सुरुवातीला हाका मारी. “टीचर, एक फिकी आलीय, तुमच्यासारखी.” मी घड्याळ पाही. नंतर तिने हाका मारायचे सोडले. नुसती मान हलवी. पुढे माझा पगार सुधारला. यांनाही वाडा रस्त्यावरच्या एका गोदामात काम मिळाले. मी नवी साडी घेऊ शकले असते, आणि एक-दोनदा दुकानात जाऊनही आले. पण घरी कपाट वन्संच्या साड्यांनी भरलेले असताना नवी घ्यायची म्हणजे त्यांचे परत केल्यासारखे झाले असते. तसे मी त्यांना कधी बोलले नाही. बोलण्याइतकी ताकद माझ्यात तेव्हा उरत नसे. आणि खरे तर कोणत्या तोंडाने बोलणार होते? त्यांनी काही वाईट केलेले नव्हते.

गाठोडे आले की हेच ते सोडत. मला हात लावू देत नसत. एकेक साडी पलंगावर पसरत, काठ सरळ करत, आणि त्यांतली एक उचलून म्हणत, “उद्या ही नेस.” आमच्या लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत मी काय नेसावे याविषयी त्यांनी एक अक्षर काढले नव्हते. आक्काच्या साड्यांच्या बाबतीत मात्र त्यांना मत असे. त्या साड्या आपल्या घरून आल्या आहेत, आपण आणल्यासारख्याच आहेत, असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसे. तो चेहरा पाहिल्यावर मी दुसरी साडी निवडू शकत नसे.

एकदा त्यांनी पोपटी काढली. तिच्यावर सोनेरी मोर होते. मी ती नेसून शाळेत गेले, सात तास घेतले, आणि सुटल्यावर आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पीसीओत शिरले, कारण “नेसलीस की आक्काला फोन कर” असे हे सकाळी दोनदा म्हणाले होते. बूथमध्ये पंखा नव्हता. साडी पाठीला चिकटली होती.

“नेसलीस का गं मोरांची?”

“नेसले, वन्सं.”

“कशी दिसते?”

“छान दिसते.”

“कुणी विचारलं का?”

“विचारलं. शाळेत दोघी-तिघींनी विचारलं.”

“मग काय सांगितलंस?”

काचेबाहेर एक गृहस्थ फोनसाठी थांबले होते. ते माझ्या साडीकडे पाहत होते. मी त्यांच्याकडे पाठ केली.

“नणंदेची आहे, म्हणून सांगितलं.”

“शाब्बास,” वन्सं म्हणाल्या. “दिवाळीला अजून पाठवते.”